जुन्या टोपोशीटवरची नदी आणि पाणथळ कशी वाचायची

जुनी टोपोशीट, म्हणजे नद्या, डोंगर, रस्ते, गावं दाखवणारं भारतीय सर्वेक्षण विभागाचं नकाशापत्रक, उलगडली की डोळा आधी निळ्या रंगाकडे जातो. नदी कुठून जाते, तळं केवढं आहे, दलदल कुठवर आहे हे पाहायचं, शेजारी मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडायचं आणि ठरवून टाकायचं : नदीनं पात्र बदललं, तळं निम्मं बुजलं, दलदल लोकांनी खाल्ली. यातलं काही खरं निघतं, बरंचसं निघत नाही. कारण तीन गोष्टी विचारायच्या राहून जातात. हे पाणी कोणत्या वर्षीचं? त्या वर्षातल्या कोणत्या महिन्यातलं? आणि कागदावरचा हा ठिपका आज जमिनीवर नेमका कुठे पडतो?

हे तिन्ही प्रश्न एका ठिकाणावर लावून पाहू, म्हणजे हवेतलं बोलणं राहणार नाही. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या या बंधाऱ्यातून गोदावरीचा डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. बंधाऱ्यामागे पाणी साचलं, पाण्यात गाळ साचला, गाळाची बेटं झाली, बेटांवर पाणवनस्पती आल्या आणि त्यामागून पक्षी आले. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं. पुढे हीच जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे रामसर कराराखालची आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. रामसर यादीत तिचं क्षेत्र १४३७ हेक्टर आहे.

म्हणजे ही पाणथळ माणसाच्या बांधकामातून तयार झालेली आहे. बंधाऱ्याआधी मोजणी झालेल्या नकाशावर तिथे फक्त दोन नद्या आणि त्यांचा संगम दिसेल, फुगवट्याचं पाणी दिसणार नाही. ते दिसत नाही म्हणून मोजणीदाराला दोष देऊ नये.

पत्रक कोणतं मागायचं

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकांचे क्रमांक अवघड वाटतात, पण तो सगळा जिन्याचा हिशोब आहे. आधी ४ अंश रुंद आणि ४ अंश उंच असे मोठे चौकोन. त्यातला ४६ क्रमांकाचा चौकोन उत्तर अक्षांश २० ते २४ आणि पूर्व रेखांश ७२ ते ७६ एवढा. त्याच्या बरोबर खाली ४७, म्हणजे अक्षांश १६ ते २०. अशा प्रत्येक मोठ्या चौकोनाचे एकेक अंशाचे १६ तुकडे, त्यांना इंग्रजी अक्षरं ए ते पी. पुन्हा प्रत्येक तुकड्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे १६ भाग, त्यांना १ ते १६ आकडे. एक मैलाला एक इंच या प्रमाणाचं एक पत्रक म्हणजे हा शेवटचा पंधरा मिनिटांचा भाग.

बहुतेक जण एकाच जागी चुकतात. अक्षरं आणि आकडे आपण पुस्तक वाचतो तसे डावीकडून उजवीकडे जात नाहीत. ते वरून खाली उतरतात, तळाला पोचले की उजवीकडच्या पुढच्या रांगेत वरून पुन्हा सुरू होतात. ए, बी, सी, डी ही पहिली उभी रांग, ई ते एच दुसरी, आय ते एल तिसरी, एम ते पी चौथी. आकड्यांचंही तेच.

आता नांदूर मध्यमेश्वर लावून पाहा. जागा साधारण २० अंश १ मिनिट उत्तर, ७४ अंश ६ मिनिटं पूर्व. अक्षांश विसाच्या वर, म्हणून चौकोन ४६. रेखांश ७४ ते ७५ मध्ये, म्हणून तिसरी उभी रांग, आणि त्यात सगळ्यात खालचा तुकडा, म्हणून एल. त्या तुकड्यात पहिल्या रांगेतला तळाचा भाग, म्हणून ४. पत्रक झालं ४६ एल/४. पण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जेमतेम १.८५ किलोमीटर. एक इंची नकाशावर ते तीन सेंटिमीटरही भरत नाही. म्हणजे बंधारा पत्रकाच्या खालच्या कडेला चिकटूनच येतो, आणि त्याच्या दक्षिणेची जमीन पाहायची तर खालचं पत्रक लागतं. त्याचा क्रमांक आहे ४७ आय/१. एकाच शिवाराला दोन वेगळ्या मालिकेतले क्रमांक! नाशिक शहराचंही असंच होतं, ते ४६ एच/१६ आणि ४७ ई/१३ यांच्यात वाटलं गेलंय. पुण्याचं बरं, जुनं शहर ४७ एफ/१४ मध्ये येतं.

विसाव्या अक्षांशाच्या जवळपास काही शोधत असाल तर दोन्ही पत्रकं एकदमच मागवा. मात्र दोघांची मोजणी वेगळ्या वर्षी झालेली असू शकते. जोडलेल्या कडेवर वरच्या पत्रकातला ओढा खालच्या पत्रकात गायब झालेला दिसला तर आधी वर्षं पाहा.

मार्जिन आधी, नकाशा नंतर

पत्रकावर दोन-तीन वर्षं छापलेली असतात. मोजणी कधी झाली, प्रसिद्धी कधी, पुनर्मुद्रण कधी. कामाचं वर्ष मोजणीचं. १९४० च्या दशकात छापलेल्या पत्रकाची मोजणी तीस वर्षं जुनी असू शकते. दरम्यानच्या आवृत्तीत रस्ते आणि रेल्वे सुधारलेली असतील, सरकारला त्यांची निकड होती. ओढे आणि तळी मात्र पहिल्या मोजणीतलीच राहिलेली असतात. नवा पूल आणि जुनी नदी एकाच कागदावर सुखाने नांदतात. खालच्या बाजूला एक छोटी आकृती सापडली तर तीही पाहा. पत्रकाचा कोणता भाग कोणत्या वर्षी मोजला हे त्यात दाखवलेलं असतं.

महिना बहुधा छापलेला नसतो, पण तो ओळखता येतो. मोजणीची पथकं पावसाळा सरल्यावर बाहेर पडायची आणि उन्हाळ्याच्या आसपास परतायची. पावसाळ्यात कचेरीत बसून रेखाटन. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या पत्रकांवरचं पाणी बव्हंशी हिवाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं आहे. ऑगस्टमध्ये गोदावरी शिवारात शिरते तेव्हा तिथे फळी आणि दुर्बीण घेऊन कोणी उभं नव्हतं. या नकाशावरची नदी ऑगस्टच्या उपग्रह चित्राशेजारी ठेवली तर आजचं पात्र दुप्पट रुंद झाल्यासारखं वाटेल. ताडणीसाठी फेब्रुवारी-मार्चचं चित्र घ्या.

प्रमाण आणि कागदाचं आखडणं

एक मैलाला एक इंच म्हणजे १:६३,३६०. नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर. पेन्सिलीच्या रेघेची जाडी अर्धा मिलिमीटर धरली तर तीच ३२ मीटर झाली. ओढा वीस मीटरने सरकला का, हा प्रश्न या नकाशाला विचारूच नये. दोनशे मीटरने सरकला का, हा विचारता येतो.

मीटर पद्धत आल्यावर १:५०,००० ची पत्रकं निघाली. क्रमांक तेच राहिले, प्रमाण बदललं. म्हणून ‘४६ एल/४’ एवढंच सांगून भागत नाही, एक इंची की पन्नास हजारी हेही सांगावं लागतं. दोघांवरची उंचीही वेगळ्या एककात. एक इंचीवर फुटांत, पन्नास हजारीवर मीटरमध्ये.

कागद दमट हवेत फुगतो, कोरड्यात आखडतो, आणि उभा-आडवा सारखा आखडत नाही. हे तपासायला फार काही लागत नाही. २० अंशांच्या आसपास पंधरा मिनिटं अक्षांश म्हणजे २७.७ किलोमीटर, आणि पंधरा मिनिटं रेखांश म्हणजे सुमारे २६.२ किलोमीटर. म्हणजे एक इंची पत्रकाची आतली चौकट उभी ४३.७ सेंटिमीटर आणि तळाशी आडवी ४१.३ सेंटिमीटर भरायला हवी. स्टीलच्या पट्टीने मोजा. उभी ४३.४ भरली तर कागद सुमारे ०.७ टक्क्यांनी आखडलाय. दहा किलोमीटरच्या अंतरात ही चूक ७० मीटरची होते. अंतर मोजताना पत्रकावरच छापलेली प्रमाणपट्टी वापरली तर ही चूक बरीचशी आपोआप निघते, कारण पट्टीही कागदाबरोबर आखडलेली असते. झेरॉक्सवर मात्र आकडी प्रमाणाचा भरवसा धरू नये. कॉपीवाल्याने ‘पानात बसवा’ दाबलं असेल तर १:६३,३६० हा आकडा निव्वळ शोभेचा उरतो.

पाणी कसं काढलंय

आता नदी जवळून पाहू. रुंद पात्राची नदी या पत्रकांवर एका निळ्या पट्ट्यात उरकलेली नसते. दोन्ही काठ काळ्या रेषांनी, मधे वाळूचे बारीक ठिपके, आणि ठिपक्यांतून वळत जाणारी निळी धार. काठांमधलं अंतर म्हणजे पात्र, निळी धार म्हणजे मोजणीच्या दिवसांतलं वाहतं पाणी. आजच्या चित्राशी ताडायचं ते काठाला काठ आणि धारेला धार. धार दर पुरानंतर पात्रातल्या पात्रात जागा बदलते, तिच्या सरकण्यावरून नदी सरकली असं म्हणता येत नाही. काठ सरकला तर मोठी गोष्ट.

लहान ओढ्यांच्या रंगात एक गंमत आहे, आणि ती ठाऊक नसेल तर सगळं वाचन उलटं होतं. निळी रेघ म्हणजे बारमाही पाणी. पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा काळ्या रेघेने काढलेला असतो. सवय नसलेला माणूस ती काळी रेघ पायवाट समजतो. ओळखायची खूण सोपी आहे. ओढ्याची रेघ समोच्च रेषांना (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषांना) त्यांच्या टोकदार वळणावर छेदते आणि खाली जाता जाता दुसऱ्या रेघांना मिळत जाते. पायवाट गावाला जाते. तळ्यांचंही तसंच : आत निळं भरलेलं तळं बारमाही, नुसत्या कडेचं तळं मोसमी. काळ्याचं निळं झालेलं दिसलं, म्हणजे जुन्या पत्रकात काळा असलेला ओढा नव्या पत्रकात निळा दिसला, तर वरच्या अंगाला कालवा किंवा धरण झालंय का ते आधी पाहा. कालव्याच्या पाझराने उन्हाळ्यातही वाहू लागलेले ओढे आपल्याकडे कमी नाहीत.

काठाशेजारी बारीक काट्यांसारख्या रेघा आणि त्याजवळ १५ आर असं काही लिहिलेलं दिसेल. ही सापेक्ष उंची. काठ पात्रापासून पंधरा फूट उभा आहे, असा त्याचा अर्थ (मीटरच्या पत्रकात मीटर). समुद्रसपाटीशी तिचा संबंध नाही. बंधाऱ्याच्या किंवा तळ्याच्या बांधाजवळही हीच खूण असते. पूर कुठे चढेल, गावठाण पुरातून का वाचलं, गाडीवाट नेमकी तिथेच नदीत का उतरते, या प्रश्नांना हे छोटे आकडे मोठ्या रेषांपेक्षा नेमकं उत्तर देतात. काठ सलग १५ आर आहे आणि एका जागी आकडाही नाही, काटेही नाहीत, तिथेच वाट पात्रात उतरते : हा उतार. पूल होण्याआधी बैलगाड्या तिथूनच जायच्या.

दलदलीची खूण म्हणजे आडव्या निळ्या तुटक रेघा आणि त्यांवर गवताचे झुबके. इथे मोठी काळजी घ्यावी लागते. झुबके मोजू नका. ती नक्षी आहे, सारवल्यासारखी भरलेली. प्रत्येक झुबक्यामागे जमिनीवर काही नसतं. शिवाय दलदलीला काठ नसतो. मोजणीदार पाण्याच्या कडेने चालत जातो, चिखलाच्या कडेने जाणं त्याला शक्य नसतं. तो लांबून अंदाज घेतो आणि नक्षी कुठेतरी थांबवतो. म्हणून नकाशावर दलदलीची हद्द दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर शंभर ते दोनशे मीटर इकडेतिकडे धरूनच चालावं. खुल्या पाण्याची कड मात्र बरीच भरवशाची असते.

आणि पिवळा रंग. पिवळं म्हणजे पेरणीखालची जमीन. जलाशयाच्या कडेला, कधी तळ्याच्या तुटक कडेच्या आतही, पिवळं दिसलं तर ती छपाईची चूक नाही. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर पीक घेतात, ती गाळपेर. नांदूर मध्यमेश्वरसारख्या ठिकाणी एकच जमीन सप्टेंबरात पाणी, डिसेंबरात चिखल आणि फेब्रुवारीत हरभऱ्याचं शेत असू शकते. नकाशाला तिन्हींपैकी एकच रंग द्यावा लागला. कोणता दिला, यावरून मोजणीचा महिना चांगला ओळखता येतो.

समोच्च रेषा काय सांगत नाहीत

तपकिरी समोच्च रेषा एक इंची पत्रकावर दर ५० फुटांनी, पाचवी जाड. पन्नास हजारीवर साधारण दर २० मीटरनी. डोंगरात हे पुरेसं आहे. सह्याद्रीच्या उतारावर रेषा इतक्या दाटतात की वाचायला भिंग लागतं. नदीकाठच्या सपाटीत मात्र चित्र उलटं. नांदूर मध्यमेश्वरचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ५४० मीटरच्या आसपास आहे. १७५० फुटांची रेषा म्हणजे ५३३ मीटर, १८०० फुटांची म्हणजे ५४९. पाणी, चिखल, बेटं, गाळपेर, काठची गावं, सगळा खेळ या दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत चालतो. पाणथळीत दीड फुटाच्या फरकाने पाणी की पीक हे ठरतं, आणि नकाशा ५० फुटांच्या टप्प्याने बोलतोय. रेषांवरून पुराची हद्द काढू नका.

त्याऐवजी सुटे आकडे गोळा करा. काळ्या ठिपक्याजवळचा आकडा म्हणजे त्या जागेची उंची, त्रिकोणाजवळचा आकडा त्रिकोणमितीने काढलेली उंची, बी.एम. लिहिलेला आकडा तलांक. तलांक सर्वांत भरवशाचा, कारण तो पातळीयंत्राने काढलेला असतो. पात्रातले आणि काठाशेजारचे आकडे ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतले की कोऱ्या वाटणाऱ्या सपाटीतही उतार दिसायला लागतो. फुटाला ०.३०४८ ने गुणून मीटर करा. १८०० फुटांची रेषा आणि ५४० मीटरची रेषा शेजारी ठेवून ‘जमीन खचली’ म्हणणारे भेटतात. त्या मुळातच वेगवेगळ्या रेषा आहेत.

रेषा आणि ओढा यांच्यात आणखी एक तपासणी दडलेली आहे. समोच्च रेषा ओढ्यापाशी इंग्रजी व्हीसारखी वळते आणि तिचं टोक ओढ्याच्या वरच्या अंगाकडे असतं. टोक बरोबर ओढ्याच्या रेघेवर बसायला हवं. भिंगातून आठ-दहा ओढे पाहा. सगळीकडे टोक रेघेच्या डावीकडेच, अर्धा मिलिमीटर सरकलेलं दिसलं, तर छपाईत तपकिरी आणि निळा रंग एकमेकांवर नीट बसलेला नाही. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा उमटवायचे, तेव्हा असं व्हायचं. अशा पत्रकावर नदी आणि रस्ता यांच्यातलं अंतर काढताना ते रंग वेगळे आहेत हे लक्षात ठेवा. चूक सगळीकडे एकाच दिशेला आहे, म्हणून ती वजा करता येते. टोकं कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे असतील तर मग तिथलं रेखाटनच ढोबळ आहे.

क्षेत्रफळ हाताने

यासाठी संगणक लागतोच असं नाही. एक इंची नकाशावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे जवळपास ४० हेक्टर, म्हणजे सुमारे शंभर एकर. पारदर्शक आलेख कागद पाण्यावर ठेवा, पूर्ण आत असलेले दोन मिलिमीटरचे चौकोन मोजा, कडेवर अर्धे कापले गेलेले वेगळे मोजून त्यांची निम्मी संख्या मिळवा. असा एक चौकोन म्हणजे १.६ हेक्टर. कागद थोडा फिरवून पुन्हा मोजा, तिसऱ्यांदा मोजा, सरासरी घ्या. तीन आकड्यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कड नीट ठरवलेली नाही. अंदाजासाठी सांगायचं तर रामसर स्थळाचे १४३७ हेक्टर या नकाशावर ३६ चौरस सेंटिमीटरांत मावतात, म्हणजे सहा सेंटिमीटर बाजूच्या चौकोनात.

आजच्या नकाशावर बसवताना

पत्रक ४०० डीपीआयला स्कॅन करा. या रिझोल्यूशनला एक पिक्सेल जमिनीवर सुमारे चार मीटर होतो, त्याहून बारीक करून नकाशात नसलेली अचूकता येत नाही. कागद रोलरमधून ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये जुनं पत्रक घालू नका. घडीवर फाटतंच, शिवाय ओढताना लांबी ताणली जाते. सपाट काचेवर दोन-तीन तुकड्यांत स्कॅन केलेलं बरं. मोबाइलने फोटो काढायचाच असेल तर पत्रक जमिनीवर, फोन बरोबर मधोमध वर, झूम थोडा पुढे. जवळून काढलेल्या फोटोत कडा धनुष्यासारख्या वाकतात.

मग क्यूजीआयएससारखं फुकट सॉफ्टवेअर आणि त्यातला जिओरेफरन्सर, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा अक्षांश-रेखांशांवर बसवणारं साधन. पत्रकावर दर पाच मिनिटांनी अक्षांश-रेखांशाच्या रेषा किंवा खुणा असतात. कडा धरून त्यांचे चार गुणिले चार असे १६ छेद मिळतात. सोळाही बिंदू द्या. सगळ्यात जास्त होणारी चूक टायपिंगची : २० अंश ५ मिनिटं म्हणजे २०.०८३३३, लोक २०.०५ टाकतात. ते २० अंश ३ मिनिटं झालं, नकाशा पावणेचार किलोमीटर दक्षिणेला गेला.

रूपांतरात दुसऱ्या दर्जाचं पॉलिनॉमियल निवडा. कारण पत्रक खरा आयत नाही. रेखांश उत्तरेकडे जवळ येतात, त्यामुळे या अक्षांशावर पत्रकाची वरची कड खालच्या कडेपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त आखूड असते. नुसत्या ताणण्या-फिरवण्याने हे जुळत नाही. सरासरी चूक पाच-सहा पिक्सेलच्या आत आली की थांबा. एखादाच बिंदू वीस पिक्सेल दाखवत असेल तर तो पुन्हा पाहा, बहुधा तिथेही टायपिंगच चुकलंय. कापडावर तुकडे करून चिकटवलेलं, घडीचं पत्रक असेल तर तुकड्यांमधल्या फटी हिशोबात येतात. तिथे प्रत्येक तुकडा वेगळा बसवण्यावाचून इलाज नाही.

यानंतर सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट, डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावरून मोजतात तो. जुन्या पत्रकांचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या गोलाभावर (पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या किंचित चपट्या गोलावर) आणि कल्याणपूरच्या मूळ बिंदूवर आधारलेले आहेत. मोबाइलचे डब्ल्यूजीएस ८४ वर. आकडे सारखे लिहिले तरी जागा सारखी नाही. नाशिकच्या आसपास हा फरक शंभर-सव्वाशे मीटर पडतो, एक इंची नकाशावर दोन मिलिमीटर. बिंदू देताना डब्ल्यूजीएस ८४ निवडलं की संपूर्ण नकाशा तेवढा सरकतो, आणि सरकलेल्या नकाशावर नदीने पात्र बदललेलं हमखास दिसतं! कल्याणपूर १९७५ निवडा, सॉफ्टवेअरमधल्या डेटमच्या यादीत त्याचा क्रमांक ईपीएसजी ४१४६. मग सॉफ्टवेअरला डब्ल्यूजीएसमध्ये बदलू द्या. थोडा फरक तरीही उरतो.

१९०५ नंतरच्या नव्या मालिकेआधीची पत्रकं हाती आली तर रेखांशाकडे वेगळं लक्ष द्या. त्यांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या किमतीवरून काढलेले असतात आणि सुमारे अडीच मिनिटांची वजावट करावी लागते. तशी टीप मार्जिनमध्ये असते. न वाचता पुढे गेलात तर आपल्या अक्षांशावर चार किलोमीटरहून जास्त चूक.

बसवून झाल्यावर न हलणाऱ्या गोष्टींवर तपासा. या पत्रकात रेल्वे चांगली. निफाड आणि लासलगाववरून जाणारा मुंबई-मनमाड लोहमार्ग एकोणिसाव्या शतकातला आहे. त्याशिवाय जुनी देवळं, टेकडीवरचे त्रिकोणमितीचे बिंदू, दगडी बांधकामं. गावठाणाचा मध्य घेऊ नका, गाव वाढताना मध्य सरकतो. रेल्वे, देऊळ आणि टेकडी तिन्ही एकाच दिशेला सारखीच सरकलेली दिसली तर बसवण्यात चूक आहे, सगळा नकाशा तेवढा उलट ढकला. तिन्ही जागेवर आहेत आणि फक्त नदीचा काठ तीनशे मीटर सरकलाय, तर तो खरोखर सरकलाय.

सरकला असेल तरी वळणाकडे एक नजर टाका. वळणाचा बाहेरचा काठ कापला जातो आणि आतल्या काठावर मळई वाढते. नकाशावरचा फरक याच्याशी जुळला तर नदीचं नेहमीचं काम. वळणाच्या आतला काठ कापला गेलाय असं दिसत असेल तर वाळूउपसा, बंधारा, भराव यांपैकी काहीतरी शोधायला लागेल. बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात तर हा नियम लागतच नाही. पाणी जवळजवळ उभं असतं, काठ कापण्याऐवजी तळ भरत जातो. तिथे जुन्या नकाशावर सलग निळं आणि आज बेटं, असं दिसणंच साहजिक आहे.

नावं आणि खुणा

नावांचं स्पेलिंग इंग्रजांच्या कानाचं आहे, पण नाव गावाचंच. केएच म्हणजे खुर्द, बीके म्हणजे बुद्रुक. नदीकाठच्या नावातलं ‘थडी’ म्हणजे काठ. खानगाव थडी हे त्याच भागातलं गाव. आज नदीपासून बाजूला असलेल्या गावाच्या नावात थडी किंवा संगम राहिलेला असला तर जुन्या पात्राची ती पहिली चाहूल समजावी, पुरावा नव्हे. पी.ओ. टपाल कचेरी, आय.बी. निरीक्षण बंगला, पी.एस. पोलीस ठाणं. बंधारे आणि कालव्यांच्या कडेला आय.बी. असणं नेहमीचं. पाटबंधाऱ्याचे साहेब तिथे उतरायचे. कच्ची विहीर आणि पक्की विहीर यांच्या खुणा वेगळ्या. त्या पत्रकाखालच्या सूचीत पाहून घ्या, कारण आवृत्तीगणिक त्यांत थोडे बदल आहेत.

एक काम मात्र टोपोशीटकडून करून घेऊ नका, ते म्हणजे जमिनीची हद्द ठरवणं. दोन भावांच्या बांधाचा वाद असो की नदीकाठच्या गटाचं क्षेत्र, त्यासाठी भूमी अभिलेखचा गाव नकाशा, फाळणी आणि मोजणी आहे. इथे एका मिलिमीटरमध्ये ६३ मीटर मावतात. हद्दींच्या रेषांनी मालकी ठरत नाही, अशा अर्थाच्या सूचनाही नकाशांवर असतात.

पत्रकं मिळवायची तर भारतीय सर्वेक्षण विभागाची विक्री केंद्रं आणि संकेतस्थळ आहे. २००५ च्या नकाशा धोरणानंतर लोकांसाठीची वेगळी मालिका निघाली. ती डब्ल्यूजीएस ८४ वर असून तिचे क्रमांक वेगळे आहेत. जुन्या एक इंची पत्रकांसाठी महाविद्यालयांचे भूगोल विभाग, जुनी ग्रंथालयं, पाटबंधारे आणि वन खात्याच्या कचेऱ्यांतले गठ्ठे पाहावे लागतात. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात काढलेली १:२,५०,००० ची भारताची पत्रकं टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. त्यांत ओढे सापडणार नाहीत, मोठी धरणं होण्याआधीच्या नद्या सापडतील. १९७२ नंतरचं पाहायचं तर लँडसॅट उपग्रहांची चित्रं आहेत, आणि तिथे महिना तारखेसह मिळतो.

मूळ पत्रक हाती आलं तर त्यावर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. टेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो, आणि समोच्च रेषाही तपकिरीच असतात. खुणा करायच्या तर वर पारदर्शक पॉलिएस्टरचा कागद ठेवून त्यावर करा. नवी घडी घालू नका, आडवं ठेवा. गुंडाळायचंच असेल तर छापील बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा.